फितीचा मायक्रोफोन आणि दांडगी वाद्ये

सभेच्या मंडपात ध्वनिवर्धकाची सिद्धता झाली की एखादा उत्साही स्वयंसेवक व्यासपीठावर येतो, मायक्रोफोनच्या तोंडाशी तोंड नेतो आणि त्यावर दोनदा फुंकर मारून 'हॅलो, हॅलो' म्हणतो. ही परीक्षा महाराष्ट्रात इतकी रूढ झालेली आहे की तिच्यावाचून सभेस आरंभ झाला असे कोणास वाटतच नाही. सामान्य मायक्रोफोन ही फुंकर निमूटपणे सोसतात. परंतु मायक्रोफोनांच्या कुळात एक असाही आहे की त्याच्यावर अशी जोराची फुंकर पडली तर तो जन्माचा अधू व्हावा. त्याचे नाव रिबन मायक्रोफोन, म्हणजे फितीचा मायक्रोफोन. आणि नवल असे की, ज्यास माणसाची फुंकर सोसत नाही त्यालाच कुशल ध्वनिमुद्रक पाश्चात्य वाद्यमेळातील अत्यंत दांडग्या वाद्यांपुढे, म्हणजे ड्रमांच्या संचापुढे आणि विजेच्या गिटारीच्या कर्ण्यापुढे, बुद्धिपुरस्सर नेऊन उभा करतात. हे साहस त्यांना का करावेसे वाटते, आणि ते अंगावर येऊ नये म्हणून कोणती दक्षता घ्यावी लागते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

या मायक्रोफोनची रचना ऐकावयास अगदी सोपी आहे. एका बळकट लोहचुंबकाचे दोन ध्रुव समोरासमोर आणलेले असतात, आणि त्यांच्यामधील अरुंद फटीत ॲल्युमिनियमची एक अत्यंत पातळ पट्टी उभी टांगलेली असते. पट्टीला आडव्या बारीक चुण्या घातलेल्या असतात, त्यामुळे ती सैल आणि लवचीक राहते. तिची जाडी सुमारे २ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. माणसाच्या डोक्याचा केस याच्या तीस-पस्तीसपट जाड भरतो. पेढ्यावरचा चांदीचा वर्ख ज्यांनी कधी बोटाने उचलू पाहिला असेल, त्यांस या फितीच्या स्वभावाची कल्पना निराळी करून द्यावयास नको. वर्ख श्वासासरशी हलतो, चुरगळतो, आणि एकदा चुरगळला की ब्रह्मदेवासही तो पूर्ववत सरळ करता येत नाही.

आवाजाने हवा हलली की तिच्याबरोबर ही फीत हलते, आणि चुंबकाच्या क्षेत्रात धातू हलला की त्यात वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केलेले होते. अन्य जातीच्या चुंबकीय मायक्रोफोनांत आवाज झेलणारा पडदा वेगळा असतो आणि त्यास चिकटलेले तारेचे वेटोळे वेगळे असते. येथे पडदा तीच फीत आणि तारही तीच फीत. हलविण्याचे ओझे असे जवळजवळ उरतच नाही, आणि म्हणूनच ही फीत हवेच्या सूक्ष्म हालचालीमागून इतक्या इमानाने जाते. परंतु या साधेपणाची किंमत द्यावी लागते. उत्पन्न होणारी वीज अतिशय थोडी असते. मायक्रोफोनच्या पोटात लहानसा ट्रान्सफॉर्मर बसवून तिचा दाब कित्येक पट वाढवितात, तरीदेखील पुढच्या ध्वनिवर्धकाला इतर मायक्रोफोनांच्या मानाने अधिक श्रम पडतात. एखादा मृदुभाषी वक्ता किंवा हलक्या हाताने छेडलेले तंतुवाद्य यांच्यापुढे ही फीत ठेवली, तर आवाजाबरोबर ध्वनिवर्धकाची खसखसही ऐकू येऊ लागते. ड्रमांपुढे हा दोष आपोआप नाहीसा होतो. तेथे आवाज एवढा मोठा असतो की फितीची क्षीण वीजही पुरून उरते. अशक्त मायक्रोफोनची आणि आडदांड वाद्याची मैत्री जमण्याचे हे पहिले कारण.

पण मग फीत फाटत कशी नाही? हा प्रश्न सहजच मनात येतो, आणि त्याच्या उत्तरात या सर्व विषयाचे मर्म आहे. वारा आणि नाद या दोन भिन्न गोष्टी आहेत. दोहोंतही हवाच हलते, परंतु वाऱ्यात ती एका जागेवरून दुसऱ्या जागी वाहून जाते, आणि नादात ती जागच्या जागी मागेपुढे डोलते. हे डोलणे किती सूक्ष्म असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. कानाला चांगलाच मोठा वाटणारा, १०० डेसिबलांचा, सेकंदास १००० कंपनांचा एक स्वर घेतला, तर त्यात हवेचा कण आपल्या जागेपासून एक मायक्रॉनभरच इकडेतिकडे होतो. त्याची गती सेकंदास सुमारे ५ मिलिमीटर असते. उलट अगदी मंद झुळूक घेतली तरी तिची गती सेकंदास १ मीटर, म्हणजे या मोठ्या आवाजातील गतीच्या दोनशेपट भरते. माणसाची फुंकर त्याहूनही वेगवान. सारांश, फितीला भय आहे ते वाऱ्याचे, नादाचे नव्हे. हा भेद ज्याला उमगला तो ध्वनिमुद्रक फितीचा मायक्रोफोन गर्जणाऱ्या कर्ण्यापुढे निर्धास्तपणे ठेवतो, आणि नुसते दार जोराने आपटले तर मात्र दचकतो.

यातच आणखी एक बारकावा आहे. स्वर जितका खर्जातला तितके त्याच मोठेपणाच्या आवाजात हवेचे डोलणे अधिक. सेकंदास १०० कंपनांच्या स्वरात ते १००० कंपनांच्या स्वराच्या दसपट होते. ड्रमांच्या संचात पायाने वाजविण्याचा जो मोठा बेस ड्रम असतो तो खर्जातही असतो आणि त्याच्या पुढच्या कातड्याला पुष्कळदा एक भोकही पाडलेले असते. वादकाने पाय मारला की त्या भोकातून हवेचा झोत तोफेतून निघावा तसा बाहेर येतो. तेथे नाद आणि वारा एकत्र होतात, आणि फितीचा घात व्हावयाचा तो बहुधा त्याच ठिकाणी होतो.

या मायक्रोफोनचा जन्म जर्मनीतला. सीमेन्स कंपनीतील वॉल्टर शॉट्की आणि एर्विन गेरलाख या दोघा शास्त्रज्ञांनी १९२० नंतरच्या काही वर्षांत फितीच्या तत्त्वावर काम केले. परंतु त्यास व्यवहारात आणण्याचे श्रेय अमेरिकेतील आर. सी. ए. कंपनीचे संशोधक हॅरी ओल्सन यांस दिले जाते. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्या कंपनीचा ४४ क्रमांकाचा मायक्रोफोन बाजारात आला, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील नभोवाणी म्हटले की त्याची ती मोठी, कंगोरेदार, टोकाकडे निमुळती होणारी आकृतीच डोळ्यांसमोर उभी राही. इंग्लंडात बी. बी. सी. व मार्कोनी यांनी १९३४ मध्ये आपला निराळा नमुना तयार केला. त्या काळी संपूर्ण वाद्यवृंद एकदोन मायक्रोफोनांभोवती बसविण्यात येई. गायक जवळ, गिटारवाला त्याच्या शेजारी, तुताऱ्या मागे, आणि ड्रमवाला सर्वांत दूर भिंतीशी. वाद्यांचा तोल राखण्याचे काम खुर्च्या पुढेमागे सरकवूनच करावे लागे. आजच्या तरुण ध्वनिमुद्रकास ही पद्धत ओबडधोबड वाटण्याचा संभव आहे, परंतु तिने कानाला जे वळण लावले ते पुढे पुष्कळांनी गमावले, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर फितीचे दिवस पालटले. कंडेन्सर जातीचे मायक्रोफोन सुधारले. ते अधिक वीज देत, फुंकरीने मरत नसत, आणि वरच्या स्वरांत त्यांना एक प्रकारची चकाकी असे. शिवाय ध्वनिमुद्रण चुंबकीय टेपवर होऊ लागले होते. टेपवरून टेपवर नक्कल करताना वरच्या स्वरांचे तेज दर वेळी थोडेथोडे कमी होई. तेव्हा मुळातच जरा अधिक चकाकणारा मायक्रोफोन घ्यावा, म्हणजे शेवटी हिशेब बरोबर येतो, असा व्यवहारी विचार लोकांनी केला, आणि तो त्या परिस्थितीत योग्यच होता. फितीचे मायक्रोफोन मंद व जुनाट ठरून कपाटात गेले. १९७० च्या दशकात आर. सी. ए. ने आपले मायक्रोफोनांचे उत्पादनही थांबविले.

पुढे १९८० च्या दशकात ध्वनिमुद्रण आकड्यांत होऊ लागले. या नव्या डिजिटल पद्धतीत मायक्रोफोन जे देईल ते तसेच्या तसे राहते, त्याचे तेज झिजत नाही. टेपचा झिजविणारा हात गेला, परंतु चकाकी वाढविणारे मायक्रोफोन मात्र तेच राहिले. परिणाम असा झाला की ड्रमांच्या झांजा काचेच्या तुकड्यांसारख्या कानात रुतू लागल्या, आणि विजेच्या गिटारींना कुणी लोखंडावर कानस घासावी तसा खरखरीतपणा आला. ज्या गोष्टीस इतकी वर्षे दोष म्हटले होते, त्या फितीच्या सौम्यपणाची आठवण लोकांस तेव्हा झाली. जुने मायक्रोफोन कपाटांतून निघाले, त्यांना भाव आला, आणि नवे कारागीरही पुढे आले. अमेरिकेतील डेव्हिड रॉयर यांनी १९९८ मध्ये जो आर-१२१ नावाचा लहानसा मायक्रोफोन आणला, तो तर मोठ्या आवाजाच्या गिटारींपुढे ठेवता यावा याच दृष्टीने घडविलेला होता.

हा सौम्यपणा म्हणजे नेमके काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रत्येक ताणलेल्या पडद्याला स्वतःचा एक आवडता स्वर असतो. तबल्याच्या शाईपासून मायक्रोफोनच्या पडद्यापर्यंत हा नियम सर्वांस सारखाच लागू आहे. तो स्वर आला की पडदा प्रमाणाबाहेर हलतो. कंडेन्सर मायक्रोफोनांत हा अनुनाद आणि पडद्यासभोवारची घडण यांच्यामुळे वरच्या स्वरांत पुष्कळदा एक उंचवटा येतो, आणि झांजांचा सारा गलबला नेमका त्याच प्रदेशात असतो. फीत सैल असल्यामुळे तिचा आवडता स्वर खर्जाच्याही तळाशी जाऊन पडतो. वरच्या स्वरांत तिला कोणाचाही पक्षपात नाही. तेथे तिची शक्ती हळूहळू, उतरत्या पायवाटेप्रमाणे कमी होत जाते. म्हणून फितीने घेतलेली झांज दूरच्या देवळातील घंटेसारखी गोल वाटते. ती मंद वाटली तर नंतर तिचे वरचे स्वर यंत्राने वाढविता येतात, आणि तसे केल्याने कर्कशपणा येत नाही, कारण वाढविण्यासारखा उंचवटाच मुळात नसतो. उलट एकदा रुतलेली काच मागाहून काढणे फार कठीण. ती काढू जावे तर झांजेबरोबर स्नेअर ड्रमचा कडकडीत ठोकाही बोथट होतो.

फितीचा दुसरा विशेष तिच्या दिशाज्ञानाचा आहे. ती पुढून येणारा आवाज घेते, मागून येणारा तितकाच घेते, आणि दोन्ही बाजूंनी येणाऱ्या आवाजाकडे पूर्ण दुर्लक्ष करते, कारण बाजूने येणारी लाट फितीच्या दोन्ही अंगांवर सारखाच दाब देते व फीत जागची हलत नाही. या आकृतीस आठाची आकृती म्हणतात. अर्थात हा आठ इंग्रजी आकड्यांतला. देवनागरी आठ येथे उपयोगी पडत नाही. ब्रिटनमधील ई. एम. आय. कंपनीचे ॲलन ब्लूमलाइन यांनी १९३१ मध्ये दोन कानांच्या ध्वनिमुद्रणाविषयी जे पेटंट मागितले, त्यात असे आठाच्या आकृतीचे दोन मायक्रोफोन एकमेकांशी काटकोन करून ठेवण्याची युक्ती आलेली आहे. चांगल्या दालनात ड्रमांच्या पुढे दीडदोन मीटरांवर अशी जोडी ठेवली, तर डोळे मिटून ऐकणाऱ्यास कोणता ड्रम कोठे आहे हे बोटाने दाखविता येते.

ड्रमांच्या संचावर फितीचे मायक्रोफोन बहुधा वरून टांगतात. या कामी बी. बी. सी. च्या अभियंत्यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केलेला ४०३८ क्रमांकाचा मायक्रोफोन अनेकांचा विशेष आवडता आहे. तो अद्यापही तयार होतो. दोन मायक्रोफोन झांजांच्या वर सुमारे एक मीटर उंचीवर घ्यावेत, आणि दोहोंचे स्नेअर ड्रमपासूनचे अंतर दोरीने मोजून सारखे करावे. हे दोरीचे काम पुष्कळांस पोरकट वाटते. परंतु ध्वनीला एक मीटर जाण्यास सेकंदाच्या हजार भागांपैकी सुमारे तीन भाग लागतात, आणि तेवढ्या अंतराने तोच ठोका दोन मायक्रोफोनांत मागेपुढे पोहोचला की त्याचे काही स्वर एकमेकांस खाऊन टाकतात. वादकाच्या हातून भरदार निघालेला ठोका मग पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येतो, आणि दोष बिचाऱ्या वादकाच्या माथी बसतो.

येथे मागच्या अंगाची आठवण ठेवावयास हवी. वरून टांगलेल्या फितीचे एक तोंड ड्रमांकडे असते, तर दुसरे छताकडे. छत उंच असेल तर तेथून परतणारा आवाज दालनाचा मोकळेपणा घेऊन येतो. छत ठेंगणे असेल तर तोच आवाज क्षणार्धात परतून मूळ ठोक्यात मिसळतो आणि सर्व चिखल करून टाकतो. अशा वेळी मायक्रोफोन आणि छत यांच्यामध्ये एखादी जाडशी गोधडी ताणून बांधली, तर पुष्कळ महागड्या यंत्रांपेक्षा अधिक गुण येतो.

मोठ्या दालनातील फितीच्या मायक्रोफोनांचे जे उदाहरण ध्वनिमुद्रकांच्या जगात सर्वांत अधिक सांगितले जाते, ते इंग्लंडातील हॅम्पशर परगण्यातले आहे. तेथे हेडली ग्रेंज नावाचे एक जुने दगडी घर आहे. ते १७९५ मध्ये गोरगरिबांसाठी सरकारी कष्टगृह म्हणून बांधलेले होते, आणि १८३० मध्ये खवळलेल्या शेतमजुरांनी त्याची मोडतोडही केली होती. लेड झेपेलिन या वाद्यमेळाने १९७० च्या अखेरीस व १९७१ च्या आरंभी तेथे मुक्काम करून आपल्या चौथ्या ध्वनिमुद्रिकेचे बरेचसे काम केले. ध्वनिमुद्रणाची यंत्रे एका मोटारीत बसविलेली होती. ती मोटार रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या वाद्यमेळाची. ध्वनिमुद्रक होते अँडी जॉन्स, आणि ड्रमवादक जॉन बॉनम.

एका गीताच्या वेळी जॉन्स यांनी बॉनम यांचा ड्रमांचा संच खोलीतून काढून घराच्या प्रवेशदालनात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला. तो जिना मजल्यामागून मजला चढत जाणारा, आणि मधली सारी पोकळी विहिरीसारखी उघडी. वरच्या कठड्यावरून त्यांनी बायर कंपनीचे एम-१६० जातीचे दोन मायक्रोफोन खाली सोडले. हे मायक्रोफोनही फितीचेच, परंतु त्यांच्यात दोन फिती एकामागे एक बसविलेल्या असतात, आणि ते आठाच्या आकृतीने न ऐकता मुख्यत्वे एकाच दिशेने ऐकतात. बेस ड्रमजवळ त्यांनी निराळा मायक्रोफोन ठेवला नाही, असे जॉन्स यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेले आहे. वर आलेला आवाज त्यांनी कॉम्प्रेसरमधून जबर दाबून घेतला आणि बिन्सन नावाच्या इटालियन प्रतिध्वनियंत्रातून नेला. गीताचे नाव 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', म्हणजे 'बांध फुटेल तेव्हा'. ते मूळचे मेम्फिस मिनी व कॅन्सस जो मॅकॉय या दांपत्याने १९२९ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले, १९२७ च्या मिसिसिपी नदीच्या महापुराविषयीचे गीत आहे. लेड झेपेलिनची ध्वनिमुद्रिका नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यातील त्या आरंभीच्या ठोक्यांनी ऐकणाऱ्यांस थक्क केले. पंधरा वर्षांनी, १९८६ मध्ये, बीस्टी बॉइज या न्यूयॉर्कच्या त्रिकुटाने तेच ठोके जसेच्या तसे उचलून आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा आरंभ केला.

त्या ठोक्यांत असे काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे त्यांत घर आहे. दगडी भिंती, जिना, पोकळी यांचा आवाज ठोक्यापासून वेगळा काढता येत नाही. आवाज जबर दाबला की हळू असलेले भाग वर येतात, म्हणजे दालनाचा घुमारा आणि झांजांची सळसळही फुगून वर येते. तेथे चकाकणारा मायक्रोफोन असता तर त्या झांजांनी बाकीचे सर्व गिळून टाकले असते. फितीने त्यांना मर्यादेत ठेवले आणि खर्जाला पूर्ण अवकाश दिला. दुसरी गोष्ट अशी की, दोन मायक्रोफोन दूर टांगल्यावर कोणता ड्रम किती मोठा हे मागाहून ठरविण्याची सोय राहत नाही. तो तोल वादकाच्या हातापायांतच असावा लागतो. बॉनम यांच्या पायात तो होता. ज्याच्या पायात तो नाही, त्याच्यासाठी हीच मांडणी केली तर जिना तोच, फीत तीच, आणि हाती येईल ती नुसती झांजांची भणभण. हेडली ग्रेंजच्या मांडणीची हुबेहूब नक्कल करूनही पुष्कळांची निराशा होते, ती याच कारणाने.

बेस ड्रमच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. मायक्रोफोन ठेवावयाच्या जागी आधी तळहात धरून पाहावा आणि वादकाला पाय मारावयास सांगावा. तळहाताला वारा लागला तर ती जागा फितीची नव्हे. मायक्रोफोन अर्धापाऊण मीटर मागे घ्यावा, भोकाच्या रेषेतून बाजूला सरकवावा, आणि थोडा तिरका करावा, म्हणजे झोत फितीवर सरळ न आदळता कडेने निघून जातो. एवढे करूनही ज्याचे मन साशंक असेल त्याने तेथे हलत्या वेटोळ्याचा दणकट मायक्रोफोन ठेवावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

गिटारीची गोष्ट निराळी. विजेच्या गिटारीचा आवाज ज्या कर्ण्यातून येतो, तो बहुधा १२ इंची व्यासाचा कागदी शंकू असतो. तो सेकंदास ५००० कंपनांच्या पलीकडे फारसे काही बोलत नाही. जे बोलतो ती बहुतांशी खरखर असते. तेव्हा फितीचा वरच्या स्वरांतील उतार येथे काहीच हिरावून घेत नाही. उलट गिटारीचा जो मधला, मांसल भाग, तो ती पूर्णपणे देते. कर्ण्याच्या कापडापासून १५ ते ३० सेंटिमीटरांवर मायक्रोफोन ठेवावा आणि ऐकून पुढेमागे करावा. आवाजाच्या उगमाशी फार जवळ गेले की फीत खर्ज फुगवून सांगू लागते, हा आठाच्या आकृतीचा अंगभूत धर्म आहे. पूर्वी नभोवाणीवर हळुवार गाणारे गायक याच धर्माचा लाभ घेऊन आपला आवाज भारदस्त करून घेत. गिटारीला थोडा खर्ज शोभतो. अधिक झाला तर तिच्यातील रेखीवपणा बुडतो.

पुष्कळ ध्वनिमुद्रक फितीच्या जोडीला १९६५ साली निघालेला शुअर कंपनीचा एस. एम. ५७ हा साधा, स्वस्त, हलत्या वेटोळ्याचा मायक्रोफोनही त्याच कर्ण्यापुढे ठेवतात. एक धार देतो, दुसरी भरीवपणा देते. मात्र फीत आणि वेटोळ्याचा पडदा ही दोन्ही कर्ण्यापासून नेमक्या सारख्या अंतरावर असावी लागतात, अन्यथा पूर्वी सांगितलेले परस्परभक्षण सुरू होते. आर-१२१ या मायक्रोफोनची गंमत अशी की त्याची फीत पोटात मध्यावर नसून पुढच्या अंगाकडे सरकविलेली आहे. त्यामुळे जवळून घेताना त्याची पाठ कर्ण्याकडे केली तर आवाज थोडा अधिक उजळ येतो. तसे करताना विजेची दिशा उलटते, ती पुन्हा सुलट करून घ्यावयास विसरू नये.

साध्या, लाकडी गिटारीपुढे फीत ठेवण्यात दुसराच लाभ आहे. गाणारा आणि वाजविणारा एकच असला म्हणजे गिटारीच्या मायक्रोफोनात गळा शिरतो, आणि मग दोहोंचा तोल वेगवेगळा राखता येत नाही. फितीची कड, म्हणजे जेथे ती बहिरी असते ती बाजू, गायकाच्या मुखाकडे वळवावी आणि तोंड गिटारीची मान जेथे पोटाला मिळते तिकडे करावे. अंतर एक ते दीड फूट पुरते. पोटावरील गोल छिद्राच्या अगदी समोर मायक्रोफोन धरण्याचा मोह नवशिक्यांना हमखास होतो, पण तेथे घूं घूं याशिवाय काही मिळत नाही.

उरला प्रश्न फितीच्या जतनाचा. काम संपताच मायक्रोफोनवर कापडी पिशवी चढवावी, आणि मगच तो उचलून न्यावा. हातात उघडा धरून झपझप चालले तरी वाऱ्याने फीत ताणली जाते. पेटीत तो उभा ठेवावा. आडवा ठेवला तर महिनोन्महिन्यांत फीत स्वतःच्या भाराने झोळीसारखी लोंबू लागते. आत बळकट चुंबक असल्यामुळे लोखंडाचा कीस, सुताराच्या कामाची धूळ, तुटक्या तारांचे तुकडे यांच्या जवळपास तो नसावा. कंडेन्सर मायक्रोफोनांना तारेतूनच ४८ व्होल्ट वीज पुरवितात. बहुतेक जुन्या फितींना ती नको असते. तारा निर्दोष असतील तर ही वीज दोन्ही तारांवर सारखी राहून फितीस उपद्रव करीत नाही, परंतु एखादी तार तुटकी किंवा चुकीची जोडलेली निघाली की प्रवाह वाट काढतो, ट्रान्सफॉर्मरमधून त्याचा हिसका फितीला बसतो आणि ती जागची खेचली जाते. म्हणून फीत जोडण्यापूर्वी ही वीज बंद आहे ना, हे आधी पाहावे.

इतके करूनही फीत कधीतरी ताणते, कधी तुटते. तेव्हा हळहळण्याचे कारण नाही. चुंबक, ट्रान्सफॉर्मर आणि सांगाडा यांना फारसे म्हातारपण येत नाही. जाणता कारागीर चिमट्याने जुनी फीत काढतो, नव्या पट्टीला दातेरी चाकांतून चुण्या घालतो, ती फटीच्या बरोबर मध्यावर, दोन्ही ध्रुवांना न शिवेल अशी बसवितो, आणि १९३० च्या दशकातला मायक्रोफोन दुसऱ्या दिवशी पुन्हा ड्रमांवर टांगता येतो.